माशी पाहावी की निशाण?

श्रावणातल्या सोमवारी येडशीहून रामलिंगच्या दरीत उतरताना नारळ-बेलाच्या आणि फुटाण्यांच्या दुकानांच्या ओळीत फुगे फोडण्याचा एक फळा हमखास लागतो. गेल्या वर्षी पहिल्या सोमवारी मी तिथे थांबलो. बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला, श्वास धरला आणि दहा छर्रे उडवले. फुगे फुटले तीन. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रक्षेप्य गतीची समीकरणे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्यामुळे हा पराभव जरा जास्तच लागला.

बरोबर माझ्या मामेभावाचा मुलगा होता, दहावीतला. तो हसला नाही. म्हणाला, "काका, नेम बरोबर होता ना तुमचा?"

"अगदी बरोबर होता."

"माझंही असंच होतंय. नेम बरोबर असतो आणि छर्रा भलतीकडंच जातो."

हा मुलगा शिकायला शहरात असतो आणि तिथल्या एका रेंजवर एअर पिस्तूल शिकतो. सोमवारच्या सुट्टीला येडशीला आला होता. पंधरा दिवसांवर त्याच्या शाळेच्या संघाची निवडचाचणी होती. या खेपेला नाव लागले नाही तर पिस्तूल सोडून अभ्यासाला लागायचे, असा घरातून निरोप मिळालेला. संध्याकाळी त्याने दप्तरातून पुठ्ठ्याचे लक्ष्यपत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. त्या पत्रकानेच आम्हांला कामाला लावले.

मित्रहो, आधी हे पत्रक नीट समजून घ्या. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर मधोमध काळे वर्तुळ असते. त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर. दहा गुणांचे आतले वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. तिथून बाहेर प्रत्येक कडे ८ मिलिमीटर रुंदीचे आणि प्रत्येक कड्याला एक गुण कमी. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर. १० मीटरवरून हे काळे वर्तुळ केवढे दिसते याचा अंदाज हवा असेल तर पौर्णिमेच्या चंद्राकडे पाहा. चंद्र जेवढा रुंद दिसतो, त्याच्या दोन-तृतीयांश.

मुलाच्या पत्रकावर दहा भोके होती आणि ती डावीकडून उजवीकडे तब्बल ९ सेंटिमीटर पसरलेली होती. मी विचारले, "नेम धरताना हात किती हलतो?" तो म्हणाला, "हलतो, पण काळ्या वर्तुळाच्या निम्म्या रुंदीतच हलतो. त्याच्या बाहेर जात नाही." काळ्याची निम्मी रुंदी म्हणजे ३ सेंटिमीटर. हात हलला ३ सेंटिमीटरांत आणि छर्रे पसरले ९ सेंटिमीटरांत! उरलेले ६ सेंटिमीटर कोठून आले?

पिस्तुलाच्या वर दोन गोष्टी असतात. मागे, हाताच्या मुठीवर, एक चौकोनी खाच. पुढे, नळीच्या तोंडाजवळ, एक उभा सपाट तुकडा. त्याला आपल्याकडे पूर्वीपासून 'माशी' म्हणतात. खाचेतून पाहताना माशी बरोबर मध्यभागी दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या रुंदीच्या फटी दिसल्या पाहिजेत आणि माशीचा माथा खाचेच्या काठांशी एका रेषेत आला पाहिजे. असे झाले म्हणजे खाच आणि माशी जुळली. मग ही जुळलेली जोडी लक्ष्यावर आणायची. नेम धरणे म्हणजे अशी दोन निरनिराळी कामे आहेत. दोन्हींत चूक होऊ शकते, पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. सगळी मेख इथेच आहे.

ती किंमत मोजायला पिस्तूल लागत नाही. आम्ही लाकडी फूटपट्टी घेतली. शून्याच्या टोकाला पोस्टकार्डाचा तुकडा उभा चिकटवून त्यात ५ मिलिमीटरची खाच कापली. ३० सेंटिमीटरच्या टोकाला ४ मिलिमीटर रुंदीची पट्टी माशी म्हणून उभी केली आणि तिच्या बुडाशी आलेखाच्या कागदाचा तुकडा लावला. दोन्हींना काळी शाई फासली. पट्टी ओसरीवरच्या स्टुलावर ठेवली. समोर अंगणापलीकडची भिंत खाचेपासून ९ मीटर होती, हे अंतर टेपने मोजून घेतले. मुलगा भिंतीपाशी ६ सेंटिमीटरची काळ्या कागदाची चकती घेऊन उभा राहिला. मी खाचेच्या मागे हातभर अंतरावर डोळा ठेवून "अजून डावीकडे… थांब!" असे ओरडायचे आणि त्याने चकतीच्या मध्यावर पेन्सिलीची खूण करायची.

पहिल्यांदा सगळे जुळवून खूण घेतली. मग माशी एकच मिलिमीटर उजवीकडे सरकवली आणि पुन्हा नेम धरला. भिंतीवरची खूण ३ सेंटिमीटर सरकली. माशी पुन्हा जागेवर आणली आणि आता अख्खी फूटपट्टी स्टुलाच्या कडेला समांतर ठेवून १ सेंटिमीटर सरकवली. खूण सरकली १ सेंटिमीटरच.

हे समरूप त्रिकोणांचे साधे गणित आहे. माशी खाचेपासून ०.३ मीटरवर, भिंत ९ मीटरवर, गुणोत्तर ३०. माशीची खाचेतली चूक लक्ष्यावर ३० पट होऊन पोचते. सगळे हत्यार मात्र समांतर सरकले तर चूक जेवढ्यास तेवढीच राहते. खऱ्या पिस्तुलात खाच आणि माशी यांत सुमारे ३२ सेंटिमीटर अंतर असते आणि खाचेपासून लक्ष्य साधारण साडेनऊ मीटर, म्हणजे गुणोत्तर पुन्हा ३० च्या घरात. (रायफलीत हे अंतर बरेच लांब असते, म्हणून तिथे गुणोत्तर लहान. पिस्तूलवाले रायफलवाल्यांना हे अधूनमधून ऐकवतात.)

आता त्या ९ सेंटिमीटरांचा हिशेब लागला. हाताचे हेलकावे ३ सेंटिमीटर. उरलेले ६ सेंटिमीटर भागिले ३० म्हणजे २ मिलिमीटर. कधी १ मिलिमीटर डावीकडे, कधी १ मिलिमीटर उजवीकडे, अशी त्याची माशी खाचेत भटकत होती आणि त्याला पत्ताच नव्हता.

"पण मला दिसलं कसं नाही?" त्याने विचारले.

"तू कुठे पाहत होतास?"

"लक्ष्याकडं. दुसरीकडं कुठं पाहणार? शिकवणारे सर सारखे म्हणतात, माशीकडं बघ. पण ज्याच्यावर मारायचं तेच अंधूक करून कसं चालेल?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण आपल्या सगळ्यांच्या मनात तो असतो. द्रोणाचार्यांनी विचारले तेव्हा अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माशीकडे पाहणाऱ्या शिष्याला त्या गुरुकुलात बहुधा उभे राहू दिले नसते. पण अर्जुनाच्या हातात धनुष्य होते. पिस्तुलाचे शास्त्र वेगळे आहे आणि ते आपल्या डोळ्यातल्या भिंगापाशी जाऊन पोचते.

हाताचे एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहा. झाड स्पष्ट, बोट धूसर. आता बोटाकडे पाहा. बोटावरच्या रेषा दिसू लागतील आणि झाड विरघळेल. दोन्ही एकदम स्पष्ट पाहण्याचा कितीही प्रयत्न करा, जमणार नाही. नेत्रभिंगाचे नाभ्यंतर एका क्षणी एकच असते. त्याच्या समायोजन शक्तीने ते बदलता येते, पण एका वेळी दोन करता येत नाही.

किती धूसर दिसेल, हेही काढता येते. माशी डोळ्यापासून सुमारे १ मीटरवर असते, तिच्यासाठी १ डायॉप्टर समायोजन लागते. लक्ष्य १० मीटरवर, तिथे ०.१ डायॉप्टर. फरक ०.९ डायॉप्टर. डोळ्याची बाहुली ३ मिलिमीटर उघडी असेल तर धूसरपणाचा कोन मिळतो ०.००३ गुणिले ०.९, म्हणजे ०.००२७ रेडियन. लक्ष्याकडे पाहिलेत तर १ मीटरवरच्या माशीच्या कडा २.७ मिलिमीटर फासटल्यासारख्या दिसतील. माशी स्वतःच जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद. उजेडाच्या त्या दोन फटी या धुक्यात बुडून जातात. आमच्या मुलाची १ मिलिमीटरची चूक तिथेच लपून बसली होती.

उलट, माशीकडे पाहिले तर धुके लक्ष्यावर जाते. १० मीटरवर ते २७ मिलिमीटर होते, म्हणजे काळ्या वर्तुळाची कड सगळीकडून विरते. आकडा मोठा वाटतो खरा. पण गोल वस्तू सगळ्या बाजूंनी सारखीच विरली तर तिचा मध्य जागचा हलत नाही. धुक्यातून दिसणाऱ्या सूर्याचा मध्य दाखवायला सांगितले तर तुम्ही सहज दाखवाल.

शिवाय किमतीचा फरक आहेच. समजा, डोळ्याने दोन्ही ठिकाणी सारख्याच कोनाची चूक केली. माशीपाशी ती अर्धा मिलिमीटर असेल तर दहापट दूरच्या लक्ष्यापाशी ती ५ मिलिमीटर. लक्ष्याच्या बाबतीतली चूक तेवढीच, ५ मिलिमीटर, पुठ्ठ्यावर उमटते. माशीच्या बाबतीतली मात्र ३० ने गुणली जाऊन १५ मिलिमीटर होते. डोळ्याची चूक एकच, पण माशीवर केली तर दंड तिप्पट. मग डोळ्याची मर्यादित तीक्ष्णता कोठे खर्च करायची, हे तुम्हीच सांगा.

इथे एखादा चौकस विद्यार्थी मला अडवील. पुस्तकात लिहिलेले असते की, डोळा सुमारे १ मिनिट कोनापर्यंतच दोन बिंदू वेगळे ओळखतो. १ मीटरवर हे अंतर ०.३ मिलिमीटर भरते. त्याची ३० पट ९ मिलिमीटर, म्हणजे एका कड्यापेक्षा जास्त! मग अगदी माशीकडे पाहूनही दहाच्या वर्तुळात एकामागून एक छर्रे कसे जातात?

याचे उत्तर तुमच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरमध्ये आहे. फ्रान्सच्या पिएर व्हर्निअरने १६३१ साली ही सरकती पट्टी जगापुढे मांडली. कॅलिपर वाचताना तुम्ही काय करता? वरची रेघ आणि खालची रेघ एका ओळीत आली की नाही, एवढेच पाहता. दोन बिंदू वेगळे ओळखणे आणि दोन कडा एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखणे ही डोळ्याची दोन निरनिराळी कामे आहेत आणि दुसऱ्यात डोळा कितीतरी तरबेज आहे. चांगला उजेड आणि स्पष्ट कडा असतील तर १० सेकंद कोनाएवढा, म्हणजे १ मिनिटाच्या सहाव्या भागाएवढा फरकही तो हेरतो. १ मीटरवर हे भरते ०.०५ मिलिमीटर. त्याची ३० पट दीड मिलिमीटर. माशीचा माथा खाचेच्या काठांशी एका रेषेत आणणे म्हणजे व्हर्निअर वाचणेच होय. अट एकच, कडा स्पष्ट हव्यात. धूसर दिसणारा व्हर्निअर कोणी वाचून दाखवावा!

नेमबाज चष्म्यावर एक लहान छिद्राची चकती लावतात, तिचेही कारण आता कळेल. छिद्र १ मिलिमीटरचे केले तर बाहुली जणू तेवढीच झाली आणि धुके एक-तृतीयांशावर आले. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून बोट आणि झाड पुन्हा पाहा. मात्र छिद्र फार बारीक केलेत तर उजेड मरतो आणि विवर्तनामुळे कडा पुन्हा पसरू लागतात. निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने वसुली करतो.

आणखी एक गंमत. पिस्तूलवाले बहुधा काळ्या वर्तुळाच्या मधोमध नेम धरतच नाहीत. काळी माशी काळ्यावर ठेवली तर तिचा माथा दिसणार कसा? म्हणून ते काळ्याच्या खाली, घड्याळातल्या सहाच्या अंगाला, पांढऱ्यावर माशी धरतात आणि छर्रा तेवढा वर लागेल अशी खाच फिरवून घेतात. छर्रा खाली पडतो त्याची भरपाईही त्याच स्क्रूने होते. सेकंदाला १५० मीटर वेगाने निघालेला छर्रा १० मीटर जायला सुमारे ०.०६७ सेकंद घेतो. तेवढ्यात तो किती खाली येतो? गणित करून पाहा, २.२ सेंटिमीटर आले पाहिजेत.

राहिला चाप. नियमाप्रमाणे तो ओढायला निदान ५०० ग्रॅम वजनाएवढे बल लागलेच पाहिजे, आणि पिस्तूल स्वतः असते साधारण १ किलोग्रॅमचे. हत्याराच्या निम्म्या वजनाएवढे बल त्याच हत्यारावर लावायचे आणि तरी ते वळू द्यायचे नाही! हात हेलकावत काळ्याखाली अगदी योग्य जागी आला की शिकाऊ मुलगा "आत्ता!" म्हणून बोट झटकतो. हेलकाव्याची ५ मिलिमीटरची चूक वाचवायला जाऊन तो माशी अर्धा मिलिमीटर वळवतो आणि १५ मिलिमीटरची चूक विकत घेतो. त्यापेक्षा हात हलतो तर हलू द्यावा. हेलकाव्याची चूक समांतर आहे, स्वस्त आहे. माशी खाचेत जुळलेली ठेवून चापावरचा भार सावकाश वाढवत न्यावा. छर्रा सुटेल तेव्हा सुटेल.

हे सगळे किती बारीक आहे ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. २८ जुलै २०२४ रोजी महिलांच्या १० मीटर एअर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत मनू भाकरला २२१.७ गुणांवर कांस्यपदक मिळाले. तिच्या पुढे टिकून राहिलेल्या कोरियाच्या किम येजीचे त्या वेळी २२१.८ गुण होते. बावीस छर्ऱ्यांच्या बेरजेत फरक ०.१ चा. दशांश गुणांच्या मोजणीत ०.१ म्हणजे लक्ष्यावरचे ०.८ मिलिमीटर. त्याला ३० ने भागा. माशीपाशी येतात ०.०२७ मिलिमीटर, केसाच्या निम्म्या जाडीहूनही कमी.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा प्रकार २५ मीटर पिस्तुलाचा. तिथे छर्ऱ्याऐवजी गोळी असते, पण खाच आणि माशी तीच. २०१३ साली कोरियात चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेंबांगला, तिची आणि थायलंडच्या नेमबाजाची ३४-३४ अशी बरोबरी झाली. निकालासाठी पाच-पाच गोळ्यांची जादा फेरी झाली, त्यातही बरोबरी. दुसऱ्या जादा फेरीत राही जिंकली. अशा वेळी छाती धडधडते, हात अधिकच हलतो. हलणारा हात कोणालाच थांबवता येत नाही. माशी मात्र पाहता येते.

आमचा मुलगा फूटपट्टी घेऊनच शहरात परतला. रेंजवर त्याच्या सरांनी त्याला दोन दिवस लक्ष्याशिवाय, नुसत्या पांढऱ्या कागदावर छर्रे मारायला लावले. पाहायला माशीखेरीज काही उरलेच नाही! चाचणीच्या आदल्या दिवशीचे पत्रक त्याने मला पाठवले. पसारा ९ सेंटिमीटरांवरून साडेचारवर आला होता. चाचणीत त्याचे नाव राखीव खेळाडू म्हणून लागले. घरच्यांनी त्याला वर्षभराची मुदत वाढवून दिली आहे. सध्या त्याची तक्रार अशी की, साठ छर्ऱ्यांचा डाव सव्वा तासात संपवायचा असतो आणि चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर माशी आपोआप धूसर होऊ लागते. नेत्रभिंगाला आकार देणारे स्नायूही दंडासारखेच थकतात, असे मी त्याला सांगितले. अधूनमधून पिस्तूल खाली ठेवून लांब कुठेतरी पाहत जा म्हटले.

एक ताकीद देतो. हे प्रयोग फूटपट्टीवरच करा. छऱ्याची बंदूक खेळण्यातली नव्हे, तिने डोळा जातो. ती हाती धरायची तर रेंजवर, शिकवणारा शेजारी असताना.

शेवटच्या सोमवारी मी पुन्हा रामलिंगला गेलो. या वेळी बंदूक उचलल्यावर फुग्यांकडे न पाहता आधी माशीकडे पाहिले. ती चांगली पाच मिलिमीटर उजवीकडे वाकलेली होती. फळेवाल्याला दाखवले तर तो शांतपणे म्हणाला, "वाकडीच हाय ती, सर. जरा उजवीकडं धरायचं." मोसंबीएवढ्या फुग्याच्या उजव्या कडेला नेम धरला आणि दहापैकी आठ फोडले. उजवीकडेच का धरायचे, ते फूटपट्टीवर करून पाहा.